मधुपात्रापुढे दिलेला शब्द

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्स परगण्यात, मॉल्डन नावाचं गाव आहे. गावाजवळ ब्लॅकवॉटर नदी खाडीसारखी रुंदावते. त्या खाडीत नॉर्दी नावाचं लहानसं बेट आहे. बेटाला काठाशी जोडणारी चिंचोळी वाट दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा चिखलातून वर येते. ९९१ सालच्या ऑगस्ट महिन्यात या वाटेच्या एका टोकाला गलबतांतून आलेले व्हायकिंग उभे होते. दुसऱ्या टोकाला होता एसेक्सचा सुभा सांभाळणारा बिर्टनॉथ, पदरचे योद्धे आणि गावोगावहून गोळा केलेली माणसं घेऊन. मधे भरतीचं पाणी. दोन्हीकडच्यांना एकमेकांचे चेहरे दिसत होते, ओरडून बोलता येत होतं, पण बाणांखेरीज काहीच पलीकडे पोचत नव्हतं.

या दिवसावर एका अनाम कवीने रचलेल्या काव्याच्या ३२५ ओळी आज उरल्या आहेत. सुरुवात हरवली आहे, शेवटही हरवला आहे. अँग्लो-सॅक्सन वीरकाव्य म्हटलं की पहिलं नाव येतं ते ‘बेओवुल्फ’चं, आणि ते योग्यच आहे. तरी या काव्यविश्वात शिरताना वाचकाला मला आधी मॉल्डनच्या काठावर आणावंसं वाटतं. इथे राक्षस नाहीत, ड्रॅगन नाही. हाडामांसाची, इतिहासाला ठाऊक असलेली माणसं आहेत, आणि ती हरणार आहेत.

उरलेलं काव्य सुरू होतं ते एका आज्ञेने: घोडे हाकलून द्या, पायी लढायचं आहे. ऑफा नावाच्या सरदाराचा एक तरुण नातलग तिथे आहे. त्याच्या मनगटावर शिकारीचा ससाणा आहे. आज्ञा ऐकताच तो आपल्या लाडक्या पाखराला रानाकडे उडवून देतो आणि लढाईकडे पावलं टाकतो. अजून एकही आरोळी उठलेली नाही, एकही भाला सुटलेला नाही. पण या माणसाने परतीचा विचार मनातून काढून टाकला आहे, हे त्या उडालेल्या पाखराने सांगून टाकलं. वीरकाव्य म्हणजे नुसता खणखणाट, असं ज्यांना वाटतं त्यांनी या चार ओळी तेवढ्या वाचाव्यात.

मग पलीकडच्या काठावरून दूत ओरडतो. सोन्याची कडी द्या, आम्ही गलबतांत बसून निघून जाऊ. बिर्टनॉथ उत्तर देतो की खंडणी मिळेल, पण ती भाल्यांच्या टोकांची असेल. पाणी ओसरतं. वाट इतकी अरुंद की वुल्फस्टान, एल्फहेरे आणि माक्कुस हे तिघे ती अडवून धरतात. हल्लेखोरांना पुढे सरकता येत नाही, तेव्हा ते गोड बोलून वाट मागतात. पलीकडे येऊ द्या, मोकळ्या मैदानात लढू. आणि बिर्टनॉथ त्यांना येऊ देतो.

का? कवीने कारण एका शब्दात सांगितलं आहे: ‘ओफरमोड’. यातला ‘ओफर’ आपल्या ‘उपरि’चा दूरचा भाऊ आहे, तर ‘मोड’ म्हणजे मन, चित्त, आवेश. मनाची सीमेबाहेरची उसळी. दर्प म्हणावं, मद म्हणावं, की अतिधैर्य? याच भाषेतल्या एका धार्मिक काव्यात हा शब्द सैतानाच्या गर्वासाठी आला आहे, म्हणजे त्याला दोषाचा वास नक्की आहे. जे. आर. आर. टोल्किन यांनी १९५३ साली या एका शब्दावर लिहिताना बिर्टनॉथला कठोरपणे दोषी धरलं. आपल्या नावासाठी त्याने पदरच्या माणसांचे जीव पणाला लावले, असं त्यांचं म्हणणं. दुसरी बाजूही दुबळी नाही. वाट अडवून धरली असती तर व्हायकिंगांनी शिडं उभारून दुसरं एखादं बंदर जाळलं असतं. त्याच वर्षी त्यांनी इप्सविच लुटलं होतं. सैन्य जमलेलं असताना, समोरासमोर, इथेच निकाल लावावा, असं एखाद्या जाणत्या सेनानीला वाटणं स्वाभाविक आहे. या वादात मला कवीचं धैर्य जास्त मोलाचं वाटतं. ज्याची थोरवी गायला तो बसला आहे, त्याच्याच कपाळी तो हा शब्द लिहितो, आणि पुढच्याच ओळींपासून पुन्हा त्याच्यावर माया करू लागतो. भाटाला हे जमत नाही.

बिर्टनॉथ पडतो. त्याच्या शेजारी दोन तरुण पडतात. आणि मग ती गोष्ट घडते जिच्यासाठी हे सगळं रचलं गेलं. ओडाचा मुलगा गॉड्रिक, ज्याला धन्याने एकामागून एक घोडे बक्षीस दिले होते, तो धन्याच्याच घोड्यावर मांड टाकून पळतो. त्याचे दोघे भाऊ त्याच्यामागे जातात. लांबच्या माणसांना वाटतं, खासा धनीच निघून गेला. ढालींची भिंत फुटते.

नायक जवळजवळ काव्याच्या मध्यालाच मेला आहे. पुढे सुमारे १४० ओळी उरतात आणि त्या ओळींत लढाई जिंकण्याची आशा कोणालाच नाही. जंगल जवळ आहे, जायचं तर जाता येईल. अशा वेळी एकेक जण बोलू लागतो. एल्फविन हा उमदा तरुण सोबत्यांना आठवण देतो ती दालनातल्या बाकांवर बसून, हातात मधाचं मद्य घेऊन आपण जे बोललो होतो त्याची. लेओफसुनु म्हणतो, मी धन्याशिवाय घरी परतलो असं माझ्या गावचे लोक कधी म्हणणार नाहीत. डनेरे हा साधा कुणबी आहे. त्याला कवीने दोनच वाक्यं दिली आहेत, पण ती सरदारांच्या भाषणांच्या बरोबरीने दिली आहेत. नॉर्थम्ब्रियाहून ओलीस म्हणून आणलेला एक तरुणही इथे धनुष्य घेऊन उभा आहे. त्याचं या मातीशी काय नातं? तरी तो बाण सोडत राहतो. शेवटी म्हातारा बिर्टवोल्ड बोलतो. त्याचं सांगणं एवढंच की बळ जसजसं ओसरेल तसतसं मन घट्ट व्हायला हवं. हजार वर्षांत या भाषेत कोणी यापेक्षा मोठं बोललं असेल, असं मला वाटत नाही.

या भाषणांचं मूळ एल्फविनच्या आठवणीत आहे. अँग्लो-सॅक्सन समाजातलं लाकडी दालन ही राजाची नुसती राहण्याची जागा नव्हती. मधे धगधगता विस्तव, दोन्ही बाजूंना बाकं, उच्चासनावर धनी, त्याच्या हातून वाटली जाणारी सोन्याची कडी, तलवारी, घोडे. घरची राणी स्वतः मद्याचं पात्र घेऊन मानाच्या क्रमाने फिरायची. त्या मद्याला ते लोक ‘मेडु’ म्हणत. आपला ‘मधु’ आणि हा ‘मेडु’ एकाच धातूतून आलेले. पात्र हातात आलं की योद्ध्याने उभं राहून सांगायचं की मी अमुक करीन किंवा मरेन. या जाहीर बोलण्याला त्यांचा शब्द आहे ‘बेओट’. मराठीत याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे भर दरबारात विडा उचलणं. आपण खाल्ल्या मिठाला जागतो; ते प्यायलेल्या मधाची परतफेड करत. फिन्सबुर्गच्या लढाईवरचा जो छोटा तुकडा उरला आहे, त्यात साठ योद्ध्यांची स्तुती याच भाषेत केलेली आहे.

रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ९८ मध्ये जर्मन टोळ्यांचं वर्णन केलं, त्यात धनी पडल्यावर जिवंत परतणं ही जन्मभराची नामुष्की मानली जात असे, असं नमूद आहे. टॅसिटस आणि मॉल्डन यांच्यात जवळजवळ ९०० वर्षांचं अंतर आहे. एवढ्या काळात समाज बदलला, धर्म बदलला, राज्यकारभार बदलला. मॉल्डनची माणसं खरोखरच असं बोलली, की कवीने जुन्या काव्याचा पोशाख त्यांना चढवला? माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. पण पोशाख चढवावासा वाटला हेही खरंच. ज्या वर्षी हे घडलं त्याच वर्षी इंग्लंडच्या राज्यकर्त्यांनी व्हायकिंगांना १०,००० पौंड खंडणी मोजली. ९९४ मध्ये ती १६,००० झाली, १००२ मध्ये २४,०००. खंडणी नाकारून मेलेल्या माणसाचं काव्य अशा दिवसांत ज्यांनी ऐकलं असेल, त्यांच्या मनाची कल्पना करावी.

आता ‘बेओवुल्फ’. ३,१८२ ओळींचं हे काव्य इंग्लंडमध्ये रचलं गेलं, पण त्यात इंग्लंड जवळजवळ नाही. कथा घडते डेन्मार्कमध्ये आणि दक्षिण स्वीडनमधल्या गीट लोकांच्या मुलखात, कवीच्याही दृष्टीने जुन्या काळात. नायकाचा मामा हिगेलाक हा खरोखर होऊन गेला. सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने फ्रँक लोकांच्या किनाऱ्यावर केलेली स्वारी आणि तिथला त्याचा मृत्यू तूरच्या ग्रेगरीने आपल्या इतिहासात नोंदवला आहे. बेओवुल्फ मात्र काव्याखेरीज कुठे सापडत नाही. कथा सगळ्यांना माहीत असते: ह्रोथगार राजाच्या हेओरोट नावाच्या दालनात रात्री शिरून माणसं खाणारा ग्रेंडेल, त्याची सूड घ्यायला येणारी आई, आणि पन्नास वर्षं राज्य केल्यावर म्हाताऱ्या बेओवुल्फने ड्रॅगनशी दिलेली अखेरची झुंज. पूर्वीचे अभ्यासक या राक्षसांमुळे जरा ओशाळत आणि काव्यातून इतिहास तेवढा वेचू पाहत. टोल्किन यांनी १९३६ साली ब्रिटिश अकादमीपुढे दिलेल्या व्याख्यानात ठणकावून सांगितलं की राक्षस हेच या काव्याचं हृदय आहे. माणूस शेवटी हरणारच अशा शत्रूपुढे उभा आहे, आणि तरी उभा आहे.

मला यात एक भर घालावीशी वाटते. ‘बेओवुल्फ’मध्येही कसोटी लागते ती बोललेल्या शब्दाची. बेओवुल्फ हेओरोटमध्ये पाहुणा म्हणून आल्या आल्या राजाच्या पायाशी बसणारा उनफर्थ त्याला डिवचतो: ब्रेकाबरोबर समुद्रात पोहण्याची पैज हरलेला तो तूच ना? बेओवुल्फ शांतपणे खरी हकीकत सांगतो, मग वेआल्थेओ राणी पात्र घेऊन येते आणि तिच्यासमोर तो विडा उचलतो. त्या रात्री तो शस्त्रं उतरवून ठेवतो, कारण ग्रेंडेलला शस्त्र चालवणं ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, हरून पळालेल्या ग्रेंडेलचा तळ्यापर्यंत माग काढून परतताना एक योद्धा घोड्यावर बसल्या बसल्या या पराक्रमाचं काव्य रचू लागतो. शब्द, कृती आणि पुन्हा शब्द, असं हे वर्तुळ एका दिवसात पुरं होतं. काव्याच्या शेवटी तेच वर्तुळ तुटतं. ड्रॅगनच्या आगीपुढे म्हाताऱ्या राजाची तलवार चालत नाही, आणि त्याने निवडून आणलेले सोबती रानात पळतात. ते दहा जण. एकटा विग्लाफ, वयाने लहान, पहिल्यांदाच धन्याच्या बाजूने लढणारा, त्याला आठवतं की दालनात मद्य पिताना आपण काय कबूल केलं होतं. तो धुरात शिरतो.

एवढ्यावर थांबलं तर हे काव्य म्हणजे निष्ठेची पोथी वाटेल. ते तसं नाही. या कवींनी शूरपणाचा हिशेबही मांडला आहे, आणि खर्चाची बाजू लपवलेली नाही. ग्रेंडेलच्या मृत्यूनंतर हेओरोटमध्ये मेजवानी चालली आहे. गायक गाणं म्हणतो ते हिल्डेबुरचं. डेन लोकांची ही राजकन्या फ्रिशियन राजाला दिलेली, दोन वैरी कुळांत सलोखा व्हावा म्हणून. अशा स्त्रीला या भाषेत शांती विणणारी म्हणत. भांडण पेटतं. एका बाजूने तिचा भाऊ पडतो, दुसऱ्या बाजूने मुलगा. ती मुलाला मामाच्या खांद्याला खांदा लावून एकाच चितेवर ठेवायला सांगते. गाणं संपतं, बाकांवर हशा उसळतो, आणि नेमक्या त्याच क्षणी कवी वेआल्थेओला पुढे आणतो. तिचे दोन लहान मुलगे तिथे बसले आहेत, पुतण्या ह्रोथुल्फ राजाशेजारी बसला आहे, आणि ती सगळ्यांना विनवते आहे की माझ्या मुलांशी नीट वागा. ऐकणाऱ्यांना त्या घराण्याचं पुढे काय झालं ते माहीत होतं. कवीने एक अक्षर जास्त लिहिलेलं नाही.

ह्रोथगारची मुलगी फ्रेआवारु हिचंही असंच लग्न ठरलेलं आहे, हेआथोबार्ड कुळातल्या इंगेल्डशी. बेओवुल्फ मायदेशी परतल्यावर भाकीत करतो की हे टिकणार नाही. मेजवानीत एखादा म्हातारा योद्धा कोपऱ्यातून एका तरुणाला म्हणेल: त्या डेन पोराच्या कमरेची तलवार ओळखलीस? ती तुझ्या बापाची. एवढं पुरेल. ज्या बाकांवर निष्ठेचे शब्द दिले जातात, त्याच बाकांवर सूडही पेरला जातो. कवीने हे पाहिलं होतं, किंवा पाहिलेल्यांकडून ऐकलं होतं. नुसत्या कल्पनेने तो म्हातारा असा जिवंत झाला नसता.

सूडाला पर्याय म्हणून कायद्याने प्रत्येक माणसाची किंमत ठरवली होती, ‘वेरगिल्ड’. वेसेक्समध्ये थेन दर्जाच्या सरदाराची १,२०० शिलिंग, साध्या शेतकऱ्याची २००. मारणाऱ्याने ती मृताच्या नातलगांना द्यायची आणि वैर मिटवायचं. पण ड्रॅगनकडे जाण्यापूर्वी म्हातारा बेओवुल्फ खडकावर बसून आठवतो ते या व्यवस्थेत न बसणारं दुःख. त्याचा आजा ह्रेथेल याच्या एका मुलाचा बाण चुकून दुसऱ्या मुलाला लागला. सूड कोणाचा घ्यायचा? रक्तमोल कोणी कोणाला द्यायचं? वीरधर्माकडे याला उत्तर नाही. म्हातारा बाप अंथरूण धरतो आणि झुरून जातो. मरणाकडे निघालेल्या वीराला आपल्या विजयांआधी हे आठवावं, यातच या काव्याची प्रगल्भता आहे.

दोन शब्दांपाशी थोडं थांबायला हवं, कारण ते या काव्यांत वारंवार भेटतात. पहिला ‘विर्ड’. याचं भाषांतर दैव, प्राक्तन असं करतात, आणि दुसरा चांगला शब्द मलाही सुचत नाही. पण तो ज्या धातूतून आला त्यातूनच आपले ‘वर्तणे’ आणि ‘वृत्त’ आले आहेत. म्हणजे विर्ड हे कपाळावर आधी लिहिलेलं काही असण्यापेक्षा जे घडत, वळत येतं ते. त्याच्यापुढे मान तुकवण्यापेक्षा ते घडत असताना आपण कसे उभे होतो, याला या कवींच्या लेखी महत्त्व आहे. दुसरा शब्द ‘लोफ’: मागे उरणारी वाखाणणी, लोकांच्या तोंडी राहणारं नाव. याचं आणि आपल्या ‘लोभ’चं मूळ एकच मानतात. पत्राच्या शेवटी आपण ‘लोभ असावा’ लिहितो, तेव्हा हाव मनात नसते, आपुलकी असते. ‘बेओवुल्फ’चा अगदी शेवटचा शब्द याच ‘लोफ’पासून बनला आहे. वाखाणणीसाठी सर्वांत आसुसलेला, असं कवी आपल्या राजाला म्हणतो. गौरव की हळूच ठेवलेलं बोट? त्याच्या मरणाने गीट लोक उघड्यावर पडले आहेत. चितेपाशी एक स्त्री केस बांधून रडते आहे, तिला येणाऱ्या स्वाऱ्या दिसताहेत. एकाच्या इच्छेपायी अनेकांना भोगावं लागतं, असं खुद्द विग्लाफ म्हणून गेला आहे. ज्या सोन्यासाठी राजा मेला, ते लोक पुन्हा मातीत पुरतात. हा शब्द मला ‘ओफरमोड’सारखाच वाटतो, प्रेम आणि तक्रार दोन्ही एका श्वासात सांगणारा.

पुरलेल्या सोन्यावरून आठवलं. १९३९ साली सफक परगण्यात सटन हू इथे एका टेकाडाखाली बेसिल ब्राउन यांना २७ मीटर लांबीच्या गलबताचा मातीत उमटलेला ठसा सापडला. आत सोन्याचं काम, तलवार, ढाल आणि शेकडो तुकडे झालेलं शिरस्त्राण होतं. सातव्या शतकाच्या आरंभीच्या एका राजाचं ते दफन. काव्यातली वर्णनं कवीने हवेतून काढली नव्हती, हे त्या दिवसापासून कोणाला सांगावं लागत नाही.

छंदाविषयी थोडक्यात. ओळीचे दोन तुकडे, मधे यती, यमक नाही. दोन्ही तुकड्यांना सांधतो तो आघाताच्या अक्षरांचा अनुप्रास. समुद्राला देवमाशाची वाट म्हणायचं, देहाला हाडांचं घर, असे सामासिक शब्द पावलोपावली आहेत. हे काव्य डोळ्यांनी वाचू नये, मोठ्याने म्हणावं.

आणि ते आपल्यापर्यंत पोचलं हेही नवलच. दोन्ही काव्यांची हस्तलिखितं रॉबर्ट कॉटन यांच्या संग्रहात होती. २३ ऑक्टोबर १७३१ रोजी, तो संग्रह जिथे ठेवला होता त्या लंडनच्या ॲशबर्नम हाउसला आग लागली. इसवी सन १००० च्या सुमारास दोन लेखनिकांनी उतरवलेल्या ‘बेओवुल्फ’च्या कडा होरपळल्या आणि पुढे कागदासारख्या झडत गेल्या. १७८७ च्या सुमारास थॉर्केलिन या आइसलंडमध्ये जन्मलेल्या अभ्यासकाने केलेल्या आणि करवून घेतलेल्या नकलांत, तोवर टिकलेली आणि नंतर झडून गेलेली कितीतरी अक्षरं वाचली आहेत. मॉल्डनच्या काव्याचं हस्तलिखित मात्र त्या रात्री जळून गेलं. आधी कोणीतरी त्याची नक्कल करून ठेवली होती आणि टॉमस हर्न यांनी १७२६ साली ती छापली होती, म्हणून डनेरेची दोन वाक्यं आज आपल्याला ऐकू येतात.

त्या नकलेतही सुरुवात आणि शेवट नाहीत. बिर्टनॉथचं मस्तक व्हायकिंग घेऊन गेले. एलीच्या मठात त्याचं धड पुरताना मस्तकाच्या जागी मेणाचा गोळा ठेवला, असं त्या मठाच्या बखरीत आहे. त्याच्या विधवेने, एल्फलॅडने, त्याच्या पराक्रमाची चित्रं असलेला पडदा मठाला दिला होता. तोही आता नाही. उरल्या आहेत त्या ३२५ ओळी. त्यांतल्या शेवटच्या ओळींत एक योद्धा भाला फेकत, घाव घालत पुढे पुढे जातो आणि पडतो. त्याचं नाव गॉड्रिक. कवीला एवढ्या गर्दीतही काळजी आहे, म्हणून तो थांबून सांगतो की हा गॉड्रिक वेगळा, रणातून पळाला तो नव्हे. तिथे पान संपतं.